एका पाटीचा इतिहास आणि एक खरेदी

पाडव्याला काहीतरी नवे घरात आणावे, ही आपल्याकडची जुनी रीत. कोणी तांब्यापितळेचे भांडे आणतो, कोणी गुंजभर सोने, कोणी शेतीचे एखादे अवजार. वस्तू लहान असो की मोठी, ती आणण्यापूर्वी घरात जी चर्चा होते ती मात्र सगळीकडे एकसारखीच. जुने खरोखर निकामी झाले आहे काय? नव्याने अधिक काय साधेल? आणि पैसा कोठून काढावयाचा? ह्या तीन प्रश्नांत संसाराचे सारे अर्थशास्त्र आले.

ह्या खेपेस हे तिन्ही प्रश्न माझ्यापुढे आले ते अशा एका वस्तूविषयी, की जिचे नाव माझ्या पिढीतील पुष्कळांनी ऐकलेही नसेल. अंतरवाली सराटीस माझ्या चुलतभावाचे घर आहे. त्याच्या मुलाने विचारले, "काका, संगणकातले जुने ग्राफिक्स कार्ड काढून नवे, स्वस्तातले घ्यावे की नाही? तुम्ही छापखान्यात संगणकाचा जमाना पाहिलाय, म्हणून विचारतो." प्रश्न एका ओळीचा होता, पण उत्तर देऊ लागलो तेव्हा ह्या वस्तूचा चाळीस-पंचेचाळीस वर्षांचा इतिहास आठवावा लागला. तो इतिहास इतका मनोरंजक आणि आपल्या लिपीशी इतका निगडित आहे, की तो वाचकांपुढे ठेवावा असे वाटले.

आधी मुलाची गरज काय ते सांगितले पाहिजे. अंतरवाली सराटी हे जालना जिल्ह्यातील अंबड तालुक्यातले, वडीगोद्रीजवळचे गाव. २०२३ पर्यंत त्याचे नाव तालुक्याबाहेर फारसे कोणाच्या कानी गेले नव्हते. मराठा आरक्षणासाठी मनोज जरांगे पाटील यांनी तेथे उपोषण आरंभिले, १ सप्टेंबर २०२३ रोजी लाठीमार झाला, आणि गावाचे नाव महाराष्ट्रभर झाले. त्या आंदोलनाचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. मला सांगावयाचे आहे ते त्यातून उद्भवलेल्या एका निराळ्याच गोष्टीविषयी. सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि 'कुणबी' अशी नोंद कोठे सापडते हे पाहण्यासाठी महसुली कागद, जन्ममृत्यूच्या वह्या, शाळांची जुनी रजिस्टरे यांची दप्तरे सोडली गेली. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली. दरबारची भाषा उर्दू. त्यामुळे कागद निघाले ते काही उर्दूत, काही फारसीत आणि पुष्कळसे मोडीत. कागद हातात आहे पण वाचणारा नाही, अशी अवस्था झाली. ज्यांना कोणी विचारीत नव्हते त्या मोडी वाचकांना कचेऱ्यांतून बोलावणी येऊ लागली.

पुतण्या तेव्हा जालन्यास संगणकशास्त्र शिकत होता. गावातील लोक ट्रंकांच्या तळाशी पडलेले मोडी कागद बाहेर काढीत आणि एकमेकांच्या तोंडाकडे पाहत, हे त्याने पाहिले. त्याने ओळखीच्या घरांतील चारएकशे कागदांची छायाचित्रे काढून ठेविली आहेत, आणि संगणकालाच मोडी वाचावयास शिकवावे असा त्याचा मनोदय आहे. त्याच्याजवळचे कार्ड २०१६ सालच्या नमुन्याचे, जुन्या बाजारात घेतलेले. नव्यासाठी पैसे लागतील ते कापसाच्या पट्टीतून. आणि २०२५ च्या सप्टेंबरात झालेल्या अतिवृष्टीने मराठवाड्याच्या कापूस-सोयाबिनाची काय दशा केली ते वाचक जाणतातच. तेव्हा 'घेऊन टाक' असे म्हणून मोकळे होण्यासारखी ही गोष्ट नव्हती.

ग्राफिक्स कार्ड म्हणजे काय, हे समजण्यास दारातल्या रांगोळीइतके चांगले साधन नाही. संगणकाचा पडदा म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. मात्र येथे ठिपके रेषांनी जोडावयाचे नसतात, प्रत्येक ठिपक्यातच रंग भरावयाचा असतो. हल्लीच्या साध्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके, म्हणजे एकूण २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात, आणि ही रांगोळी सेकंदाला बहुधा साठ वेळा नव्याने मांडावी लागते. हे काम संगणकाच्या मुख्य मेंदूकडे दिले तर त्याला दुसरे काही सुचावयाचे नाही. म्हणून स्वतःची निराळी स्मृती असलेली एक पाटी त्याच्या पोटात बसवितात. तीच ही वस्तू.

आय. बी. एम. कंपनीने आपला पहिला 'पर्सनल कॉम्प्युटर' १२ ऑगस्ट १९८१ रोजी जाहीर केला. (जालना जिल्हाही त्याच वर्षी १ मे रोजी अस्तित्वात आला, तेव्हा दोघे एका वयाचे.) त्या यंत्राबरोबर दोन पाट्या मिळत. एकीवर फक्त अक्षरे उमटत. पडद्याचे आडवे ८० आणि उभे २५ असे भाग पाडून दोन हजार घरे केलेली. प्रत्येक घरात एक ठसा. असे २५६ ठसे पाटीतच कायमचे कोरून ठेविलेले असत. बाजारात रांगोळीचे जे भोके पाडलेले छापे मिळतात त्यांतलाच हा प्रकार: छाप्यात जे फूल असेल तेच उमटावयाचे. ह्या पाटीची स्मृती अवघी चार किलोबाइट. दोन हजार घरांत कोणता ठसा कसा उमटवावयाचा एवढे टिपून ठेवावयास ती पुरे. पडद्यावरच्या अडीच लाख ठिपक्यांपैकी प्रत्येकाची आठवण ठेवावयाची तर ती कोठून पुरणार? दुसऱ्या पाटीवर चित्रे काढता येत, पण ठिपके इतके मोठे आणि विरळ की बारीक अक्षर वाचताना डोळ्यांना पाणी यावे.

ह्या दोन पाट्यांच्या कात्रीत एक गृहस्थ सापडले. व्हान सुवन्नुकूल हे त्यांचे नाव. त्यांना आपला डॉक्टरेटचा प्रबंध संगणकावर थाई लिपीत लिहावयाचा होता. थाई लिपी आपल्याच ब्राह्मीच्या वंशातली. तिच्यातही अक्षराच्या डोक्यावर आणि पायाशी खुणा येतात. पहिल्या पाटीत थाई ठसे नव्हते, दुसरीवर ती बारीक अक्षरे उमटत नव्हती. तेव्हा त्यांनी १९८२ साली स्वतःच एक तिसरी पाटी तयार केली. तिला ६४ किलोबाइट स्मृती दिली आणि ७२० गुणिले ३४८ इतक्या ठिपक्यांपैकी प्रत्येक ठिपका निराळा पेटविण्याची सोय केली. हीच पुढे 'हर्क्युलिस' ह्या नावाने प्रसिद्धीस आली. किंमत ४९९ डॉलर. आज ग्राफिक्स कार्ड म्हटले की मुलांचे खेळ डोळ्यांपुढे येतात. पण ह्या घराण्यातील एका नामांकित पाटीचा जन्म अक्षरासाठी झाला आहे.

ठसा की चित्र, ही अडचण आपल्या लोकांना नवी नव्हती. गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली मुंबईत मराठी पंचांग छापले ते शिळाछापावर. शिळाछापात अक्षर हेही चित्रच असते. लेखनिकाने जसे वळण काढले तसे ते दगडावरून कागदावर उतरते. पुढे खिळ्यांची छपाई सुधारली, १८६९ साली जावजी दादाजींचे निर्णयसागर निघाले आणि देवनागरी खिळ्यांचे सौंदर्य घराघरांत पोचले. पण त्यासाठी काने, मात्रा, वेलांट्या, रफार, जोडाक्षरे यांचे शेकडो खिळे पाडावे लागले. इंग्रजीचा संसार ज्या थोड्या खिळ्यांत चालतो त्यांत आपला चालत नाही, हे त्या काळच्या प्रत्येक जुळाऱ्यास ठाऊक होते. संगणक आला तेव्हा तोच प्रश्न २५६ ठशांच्या रूपाने पुन्हा उभा राहिला.

त्याचे उत्तर आपल्याच देशात, तेही एका पाटीच्याच रूपाने निघाले. कानपूरच्या आय. आय. टी.त प्रा. आर. एम. के. सिन्हा, मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० नंतरच्या काही वर्षांत भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे काम केले. १९८८ मध्ये पुण्यास सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. 'परम' महासंगणकामुळे ती पुढे सर्वांस ठाऊक झाली. परंतु कानपूरचे हे लिपीचे कामही तेथेच आले आणि 'जिस्ट' ह्या नावाने वाढले. जिस्ट कार्ड नेहमीच्या संगणकात बसविले की इंग्रजीसाठी लिहिलेल्या कार्यक्रमांतही पडद्यावर मराठी उमटे.

ह्यामागची युक्ती मोठी मार्मिक होती. 'कि' हे अक्षर आपण उच्चारतो तेव्हा आधी क, मग इकार. लिहितो तेव्हा वेलांटी आधी काढतो. जिस्टच्या पद्धतीत संगणकाने उच्चाराचा क्रम तेवढा लक्षात ठेवावयाचा. वेलांटी कोठे लावावयाची, जोडाक्षर कसे मोडावयाचे, हे पाटीने पाहावयाचे. भारतीय लिप्या ब्राह्मीपासून निघाल्या असल्यामुळे क, ख, ग यांना सर्व लिप्यांत एकच क्रमांक देता आला. ह्या क्रमांकांचे कोष्टक 'इस्की' म्हणून १९९१ मध्ये भारतीय मानक झाले.

त्या दशकात मी पुण्यातील एका छापखान्यात मुद्रिते तपासीत असे. आमच्याकडून एक मासिक निघे. त्याच्या वर्गणीदारांचे पत्ते दरमहा हाताने लिहावे लागत. संगणक होता, पण पत्ते इंग्रजीत टंकले तर खेड्यापाड्यांतील नावांची अशी काही मोडतोड होई की अंक भलत्याच गावी जावा. मालकांपुढे प्रश्न आला तो पुतण्याचाच: नवी पाटी घ्यावी की आहे ते रेटावे? त्यांनी हिशेब मांडला तो पाटीच्या गुणांचा नव्हे, कामाचा. महिन्याला किती पत्ते, किती माणसांचे किती दिवस, किती अंक परत येतात. आकडे समोर आले तेव्हा जिस्ट कार्ड घेतले. पहिल्या महिन्यात पत्त्यांच्या चिठ्ठ्या मराठीत छापून निघाल्या तेव्हा डाक बांधणारी माणसेही यंत्राजवळ येऊन पाहून गेली.

पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. जगातील सर्व लिप्यांना एकत्र क्रमांक देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये निघाली. तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच घेतलेली होती. नंतर विंडोज २००० मध्ये देवनागरीची सोय आतच आली. जे काम करण्यास पाटी लागे ते आता विनामूल्य होऊ लागले. आमचे कार्ड काढून खणात ठेवले गेले. पण पैसे वाया गेले असे कोणीही म्हटले नाही; जितकी वर्षे ते चालले तितक्यांत त्याने आपली किंमत फेडली होती. ह्या पाट्यांचा हा जणू वंशधर्मच आहे. पाटी एखादी नवी शक्ती घेऊन येते, आणि कालांतराने ती शक्ती सामान्य यंत्राच्या अंगी मुरते. २०१० नंतरच्या बहुतेक घरगुती संगणकांत पडद्याची रांगोळी काढण्याची सोय मुख्य मेंदूतच केलेली आढळते. केवळ पत्र लिहावयास किंवा चित्रपट पाहावयास आज वेगळी पाटी लागत नाही. मोडीलाही २०१४ साली युनिकोडमध्ये जागा मिळाली. मोडी अक्षर पडद्यावर उमटविण्यास त्या लिपीचा टंक बसविला की झाले.

मग पुतण्यास पाटी कशाला हवी? येथे इतिहासाने एक वळण घेतले आहे. १९९० नंतर खेळांतील घनाकृती चित्रांसाठी ह्या पाट्यांची चढाओढ लागली. चित्रातील लाखो ठिपक्यांचा हिशेब एकाच वेळी व्हावा म्हणून त्यांत शेकडो, पुढे हजारो लहान लहान गणक बसविले गेले. एनव्हिडिया कंपनीने १९९९ मध्ये काढलेल्या पाटीपासून त्या गणकसमूहास 'जीपीयू' हे नाव रूढ झाले. मग लोकांच्या ध्यानात आले की हे गणक चित्राखेरीज इतर गणितेही करतील. २०१२ मध्ये टोरोंटो विद्यापीठातील अलेक्स क्रिझेव्हस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेळासाठी विकल्या जाणाऱ्या दोन पाट्या घेतल्या, प्रत्येकीची स्मृती तीन गिगाबाइट. आणि सुमारे बारा लाख छायाचित्रे दाखवून पाच-सहा दिवसांत संगणकास चित्रातील वस्तू ओळखावयास शिकविले. त्या वर्षीच्या स्पर्धेत त्यांनी इतरांस फार मागे टाकले. आज जिला कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात तिच्या सध्याच्या भरभराटीचा एक आरंभ येथे आहे. अक्षर दाखविणारी पाटी आता अक्षर वाचावयास शिकू लागली होती.

आता खरेदीचा हिशेब. मुलाचे कार्ड जीटीएक्स १०५० टीआय ह्या जातीचे: स्मृती चार गिगाबाइट, गणक ७६८, वीज ७५ वॅट. तेवढी वीज ज्या खाचेत पाटी बसते तिच्यातूनच मिळते. त्याच्या डोळ्यांपुढे होते ते २०२५ मध्ये आलेले आरटीएक्स ५०५०: स्मृती आठ गिगाबाइट, गणक २५६०, अमेरिकेतील तेव्हाची किंमत २४९ डॉलर. आपल्याकडे त्यावर अठरा टक्के जीएसटी. शिवाय त्यास १३० वॅट वीज लागते, निराळी तार जोडावी लागते, आणि कंपनी ५५० वॅटचा वीजपेटारा असावा असे सांगते. मुलाचा पेटारा त्याहून लहान. म्हणजे तोही बदलणे आले. जावयास धोतर घ्यावे तर लेकीस लुगडे नको काय, तशातली गत! उलट बाजूही आहे. २०२५ च्या ऑगस्टात आलेल्या 'कुडा १३' ह्या गणनसाधनाने जुन्या जातीच्या पाट्यांना वगळले. मागील आवृत्ती ठेवून काम निभते, पण पुढची वाट आखूड होत जाणार हे उघड आहे.

हे झाले यंत्राचे. मी त्याला विचारले, "बाळ, चारशे कागदांपैकी तुला वाचून झालेले किती?" तो म्हणाला, "चाळीस. तेही दुसऱ्यांकडून वाचून घेतलेले." अडचण येथे होती. यंत्रास शिकवावयाचे म्हणजे मोडी ओळीचे चित्र आणि तिचे बरोबर वाचन, अशा हजारो जोड्या त्याच्यापुढे ठेवाव्या लागतात. त्या जोड्या पाटी तयार करीत नाही. आणि मोडी ही काही छापील अक्षरांची रांग नव्हे. आधी आडवी रेघ ओढून तिला टांगल्यासारखी, हात न उचलता लिहिलेली अक्षरे. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्दांत अंतर नाही. शिवकालीन वळण वेगळे, पेशवेकालीन वेगळे, बोरू जाऊन टाक आला तेव्हाचे आणखी वेगळे. त्यात एका शब्दाच्या वाचनावर एखाद्या घराचा दाखला अवलंबून असेल, तर यंत्राने जलद वाचले म्हणून ते बरोबर ठरत नाही. ते ताडून पाहणारा माणूस शेजारी हवाच.

म्हणून मी त्यास सुचविले, की पाटी राहू दे. काही कंपन्या दूरचे शक्तिमान संगणक थोडा वेळ विनामूल्य वापरू देतात, त्यांवर प्रयोग कर. ह्यावर तो जे बोलला ते मला फार मोलाचे वाटले. "काका, लोकांनी कागद माझ्या भरवशावर दिलेत. त्यांत जमिनींचे वाद आहेत, कर्जे आहेत, घरातली भांडणे आहेत. ते उचलून परक्याच्या यंत्रात कसे टाकू? काम व्हायचं ते गावातच व्हावं." नव्या पाटीच्या बाजूने इतका सबळ मुद्दा कोणत्याही जाहिरातीत मी वाचला नव्हता. वेगासाठी नव्हे, विश्वासासाठी यंत्र आपल्या घरात हवे!

तेव्हा निर्णय ठरला तो असा. ह्या पाडव्याला पाटी घ्यावयाची नाही. जुनी पाटी एकेक अक्षर ओळखण्याच्या आरंभीच्या अभ्यासास पुरेशी आहे. टोरोंटोच्या त्या दोन पाट्यांपैकी एकीहून तिची स्मृती एक गिगाबाइट अधिकच आहे. छायाचित्रांची दुसरी प्रत ठेवण्यासाठी एक साठवणपेटी तेवढी घ्यावयाची, कारण यंत्र बिघडले तर ते कागद पुन्हा कोणी ट्रंकेतून काढून देईल याचा नेम नाही. आणि मुलाने आधी स्वतः मोडी शिकावयाची. सरकारच्या पुराभिलेख खात्याचे मोडीचे वर्ग निघतात. पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळातही ती शिकविली जाते. पाच हजार ओळी वाचून, ताडून झाल्या आणि चार गिगाबाइटांत काम मावेनासे झाले, की मग आठ गिगाबाइटांहून कमी नाही अशी पाटी आणि तिला पेलेल असा पेटारा, दोन्ही एकदमच घ्यावयाचे. त्या दिवशी बाजारात कोणते नाव चालते ते पाहावयाचे नाही. स्मृती किती आणि वीज किती, एवढेच पाहावयाचे.

माझ्या भावाने हे सारे ऐकून एकच विचारले, "म्हणजे पैसे मोडायचे नाहीत, बाजूला ठेवायचे, असंच ना?" मी होय म्हटले. मुलाने एक जाड वही घातली आहे. डाव्या पानावर मोडी ओळ, उजव्या पानावर तिचे बाळबोध रूप, आणि खाली वाचणाऱ्याची सही. परवा त्याने कळविले, की दोनशे बारा ओळी झाल्या. पैकी एकोणीस त्याच्या स्वतःच्या वाचनाच्या आहेत.